चिऱ्याचं घर, दगडी फरशी आणि सीलर : काय लावावं, कुठे लावावं?

पडवीकर
मंडळी, राजापूरकडे आमचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर बांधून होत आलंय. भिंती उभ्या आहेत, कौलं चढली, आता फरशीची वेळ आलीये. व्हिट्रिफाइड नको, सगळं दगडाचंच करायचं हे आम्ही दोघांनी पहिल्यापासून ठरवलंय. ओटी, माजघर आणि पडवीला कोटा किंवा शहाबादी, खळ्यात (पुढच्या अंगणात) जाड शहाबादी, माजघरातली एक भिंत गिलावा न करता उघड्या जांभ्याची, आणि जोत्याला बाहेरून काळ्या दगडाच्या पट्ट्या, असा बेत आहे.

कंत्राटदार म्हणतो, "काळजीच करू नका, शेवटी सगळ्यावर लॅकर मारून देतो. दगड चकाकेल आणि पाणीही धरणार नाही." नमुना म्हणून त्याने एका चिऱ्यावर मारून दाखवलं. दिसतं सुरेख. पण आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. एकदोन पावसाळे काढल्यावर या लॅकरचं काय होतं? कोणी लावलंय का? आणि सीलर (दगडात पाणी, डाग शिरू नयेत म्हणून लावतात ते द्रावण) लावायचंच तर कुठे, कोणतं आणि कधी?

ओसरी
शहाबादी! दुसरं काही बघूच नका. मे महिन्यातल्या दुपारी उघड्या शहाबादीवर नुसता पंचा टाकून झोपायचं सुख कुठल्याही टाइलवर नाही. आमच्या सोलापूरच्या घरात ती वापरून वापरूनच गुळगुळीत झालीये, सीलर वगैरे कोणी ऐकलंही नव्हतं.

गवंडीकाम
पडवीकर, प्रश्न चांगला आहे, पण शेवटाकडून सुरू झालाय. सीलर हे शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम. दगड खराब होतो तो बहुतेक वेळा खालून किंवा मागून आलेल्या पाण्याने, आणि वरून काहीही मारलं तरी ते पाणी थांबत नाही. म्हणून मी खालून वर येतो.

आधी दगड. शहाबादी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, तांडूर शेजारच्या तेलंगणातून, कडप्पा आंध्रातून, कोटा राजस्थानातल्या रामगंज मंडीच्या बाजूने. रंग वेगळे, भाव वेगळे, पण जात एकच, चुनखडीचा दगड. थरांचा असल्यामुळे सपाट फुटतो, म्हणून फरशीला सोयीचा. चुनखडी असल्यामुळे अ‍ॅसिड मात्र त्याला अजिबात सोसत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण काम संपल्यावर फरशीवरचं सिमेंट काढायला गडी सर्रास अ‍ॅसिडचा कॅन उघडतात. सिमेंट निघतं आणि त्याच्याबरोबर दगडाचा वरचा थरही जातो. मग त्या जागा कायमच्या फिक्या आणि खरखरीत राहतात. बोलीतच लिहून घ्या : साइटवर अ‍ॅसिड येणार नाही.

आता बेड, म्हणजे फरशीखालचा मालाचा थर. कोकणात सगळ्यात मोठा धोका खाडीच्या वाळूचा. धुतलेली आहे म्हणून आणून टाकतात, पण तिच्यात मीठ उरलेलं असतं. तेच मीठ ओलीबरोबर वर येतं आणि पाणी सुकलं की दगडावर पांढरी भुकटी होऊन बसतं. हाच लोणा. ग्लासभर गोड्या पाण्यात मूठभर वाळू ढवळा, निवळू द्या आणि जिभेवर थेंब घेऊन बघा. खारट लागलं तर ती वाळू परत पाठवा. शक्य असेल तर क्रश सॅंडच (दगड भरडून केलेली वाळू) घ्या. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याचाही हाच नियम.

फरशीची पाठ धुऊन माती काढायची. सिमेंट-वाळूचा एकास सहाचा माल दोरीला धरून पसरायचा, फरशी कोरडी ठेवून ठोकायची आणि पुन्हा उचलून पाहायची. जिथे मालावर छाप उमटली नाही तिथे खाली पोकळी आहे. ती भरून, वर सिमेंटचा घोळ ओतून मग फरशी कायमची बसवायची आणि रबरी हातोड्याने लेव्हलला आणायची. दुसऱ्या दिवशी हातोडीच्या दांड्याने प्रत्येक फरशी वाजवून बघा. पोकळ वाजली की काढायला लावा, त्यात संकोच नको. नंतर त्याच पोकळीत पाणी साचतं, मुंग्या घर करतात आणि एखाद दिवशी जड पिंप ठेवलं की कोपरा तुटतो.

पडवीला बाहेरच्या बाजूला दर आठ फुटांना एक इंच तरी उतार ठेवा. खळ्यात याहून थोडा जास्त दिलात तरी चालेल.

टिकाव
खळ्यात दगड कशाला पण? शेणाने सारवा की छान! पायाला गार, डोळ्याला गार, आणि सीलर दर पंधरवड्याला ताजं.

पडवीकर
@टिकाव, आईचंही हेच म्हणणं आहे :) पण सारवायला गावात माणूस मिळत नाही आणि आम्ही तिथे वर्षातले काही महिनेच असणार.
@गवंडीकाम, वाळूचं ऐकून धस्स झालं. उद्याच ढीग चाखायला जातो.

आजीचापाटा
अ‍ॅसिडचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकघराबद्दल सांगते. आमच्या ओट्याला काळा कडप्पा आहे. त्यावर महागातलं सीलर लावलं होतं, दुकानदाराने "आता डाग पडायचाच नाही" असं सांगितलं. नंतर एकदा कोकमाच्या आगळाची बाटली रात्रभर तिथेच राहिली, बुडाशी थोडं ओघळलं असणार. सकाळी बाटली उचलली तर खाली पांढरट कडं. रंगाचा डाग असता तर घासून निघाला असता, पण हे कडं तिरकं पाहिलं की दिसतं, बोट फिरवलं की लागतं. सीलर कुठे कमी पडलं?

गवंडीकाम
@आजीचापाटा, सीलर कमी पडलं नाही, दुकानदाराने ते काय करतं हेच चुकीचं सांगितलं. आत भिनणारं सीलर दगडाची छिद्रं भरतं, म्हणजे तेल, हळद, चहा आत जायला वेळ लागतो. पण आगळ, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांना आत जायची गरजच नसते, ती पृष्ठभागावरच चुनखडी खातात. तुमचं कडं हे डाग नसून खाल्लेला दगड आहे. तेवढी जागा बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा तेलपाणी केलं तर बरीच लपेल. आणि ज्या घरात आमसुलं, आगळ, लोणची होतात तिथे ओट्याला ग्रॅनाइट घ्यावा हे माझं स्पष्ट मत. कडप्पा मांडणीला, फळ्यांना उत्तम.

ओसरी
म्हणजे पडवीत आमसुलं वाळत घालायची नाहीत??

आजीचापाटा
घालायची, पण खाली ताडपत्री आणि तिच्याखाली जुनी चटई. रस झिरपला तर चटईत जिरतो.

चिरेखाण
जांभ्याच्या भिंतीबद्दल लिहितो, आमच्या घरात तीन पिढ्या चिऱ्याचंच काम आहे.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकाननने 1807 मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमच्या या दगडाचं वर्णन छापलं, त्यातही तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि नंतर टणक होतो हीच गोष्ट आहे. त्यामुळे ताजा चिरा लावून लगेच त्यावर काहीही मारणं चूक. भिंत बांधताना सिमेंटचं पाणी, क्युरिंगचं पाणी, पावसात भिजलेला चिरा, हे सगळं आत असतं. बाहेर यायला त्याला एक पूर्ण उन्हाळा द्या.

आता लॅकर. दगडावर पातळ कातडं चढवणारा हा प्रकार. जांभ्याच्या अंगावर भोकंच भोकं, आत ओल. ओल बाहेर यायला बघते, कातडं तिला अडवतं, मग कातडं आधी दुधाळ पडतं आणि पुढे पापुद्रे सुटतात. सुटताना जांभ्याची लाल पूड बरोबर घेऊन येतात. नंतर ते काढायचं म्हणजे ब्रश, सँडिंग, वैताग, आणि भोकांत अडकलेलं तर निघतच नाही. नमुन्याच्या एका चिऱ्यावर ते सुंदर दिसणारच, कारण तो चिरा सुटा आहे, कोरडा आहे, त्याच्या मागे भिंत नाही.

आतल्या भिंतीला खरं तर काहीच लागत नाही. तारेच्या ब्रशने नको, नारळाच्या काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने झाडा आणि व्हॅक्युमने पूड ओढून घ्या. तरीही कपड्यांना लाल लागत असेल तर आत भिनणारं, वाफ अडवत नाही असं सिलेन-सिलॉक्सेन जातीचं पाणीरोधक एक हात मारा. चकाकी येणार नाही, रंग जवळजवळ तोच राहील.

सांतेरी
गोव्यातून लिहितेय. उघडा जांभा पावसात ठेवण्याबद्दल माझा ठाम विरोध आहे आणि त्याला उदाहरण जगप्रसिद्ध आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू बॅसिलिका. 1605 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत जांभ्याची. दर्शनी भागातल्या कोरीव कामाला काळा दगड वापरलाय, पण भिंती जांभ्याच्या आणि त्यांच्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात तो गिलावा काढून टाकला गेला, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून. आज लोक त्या लाल भिंतींचे फोटो काढतात, पण तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात तो दगड झिजतोय. पुन्हा गिलावा चढवावा की नाही यावर इथे जोरदार वाद चालू असतो. बांधणाऱ्यांना जांभा कसा वागतो ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी त्याला चुन्याचं पांघरूण दिलं होतं. चुना वाफ जाऊ देतो आणि पावसाचा मार स्वतःवर घेतो.

चिरेखाण
@सांतेरी, आतल्या भिंतीपुरतं तुमचं-माझं भांडण नाही. बाहेरच्या बाबतीत मात्र मी पूर्ण सहमत नाही. कोकणात गडगे (कुंपणाच्या भिंती) उघड्या चिऱ्यांचे वर्षानुवर्षं उभे आहेत. फरक एवढाच की गडग्यात चिरे कोरडेच रचलेले असतात, पाणी आत शिरतं तसं निघून जातं. आणि जुन्या घरांच्या भिंती उघड्या असल्या तरी वर कौलाची पाखी चांगली अडीच-तीन फूट बाहेर आलेली असते. हल्ली दोन्ही गोष्टी सुटल्यात : दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) सिमेंटने गच्च भरतात आणि पाखी फूटभरच काढतात.

दर्जांचंही त्यातच सांगतो. चिरा मऊ आणि दर्जा कडक झाली की ओल दर्जेतून निघू शकत नाही, ती चिऱ्यातूनच निघते आणि चिरा कडेने खायला लागतो. जुन्या भिंती नीट पाहा, सिमेंटची दर्जा नाकासारखी पुढे आलेली आणि चिरा मागे गेलेला सापडेल. चुन्याच्या मालाने दर्जा भरा. आता चुनाकाम जाणणारे कारागीर पुन्हा तयार होताहेत, शोधलं तर मिळतात.

सांतेरी
पाखीचं शंभर टक्के मान्य. पडवीकर, सीलरचे पैसे पाखीत घाला!

लीड्सकर
विषय वाचून राहवलं नाही. मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला असतो आणि इथल्या मागच्या अंगणांमध्ये राजस्थानचा वालुकाश्म अक्षरशः घरोघरी आहे. इथला स्थानिक यॉर्कस्टोन महाग, म्हणून कंटेनर भरभरून आपला दगड येतो. राज ग्रीन, कंदला ग्रे अशी नावं इथल्या गोऱ्या गवंड्यांच्या तोंडी ऐकताना मजा वाटते.

खळ्यासाठी उपयोगाच्या तीन-चार गोष्टी सांगतो. इथे पूर्वी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे पाच गोळे ठेवून वर फरशी दाबायचे. त्या गोळ्यांच्या जागी दगडाचा रंग कायमचा वेगळा दिसायला लागतो, कारण तिथली ओल वेगळी असते, आणि मधल्या पोकळीत साचलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फरशी उचलतं. आता जाणकार माणूस पूर्ण बेडशिवाय फरशी बसवत नाही आणि फरशीच्या पाठीला सिमेंट-पॉलिमरचा घोळ ब्रशने फासूनच खाली ठेवतो. उतार साधारण ऐंशीला एक, घरापासून दूर. कोकणात बर्फ नाही, पण पोकळीतलं पाणी तिथेही पोकळीच शोधणार.

दुसरं अ‍ॅसिडचं. वालुकाश्माला अ‍ॅसिड चुनखडीइतकं खात नाही, पण काही दगडांत लोह असतं. अ‍ॅसिडने धुतलं की ते गंजून अख्खं अंगण नारिंगी होतं. आमच्या शेजाऱ्यांकडे एका ठेकेदाराने हे करून ठेवलंय, ते अजून तसंच आहे.

आणि सीलर. इथले शहाणे लोक पहिलं वर्ष लावतच नाहीत. लोणा यायचा तो येऊ देतात, कोरड्या ब्रशने झाडतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात दगड खरोखर कोरडा असेल तरच लावतात. ओल्या दगडावर सीलर मारलं की आतली ओल आणि क्षार दोन्ही अडकतात आणि खालून पांढरे ढग दिसायला लागतात.

तिसरामजला
क्लॅडिंगबद्दल, म्हणजे भिंतीवर दगडी फरशा लावण्याबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत प्रवेशद्वारावर वरपर्यंत दगड लावला होता. एका दुपारी एक अख्खी फरशी सुटून फुटपाथवर आली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. नंतर तपासलं तर मागे गुळगुळीत प्लास्टर, त्यावर सिमेंटचे गोळे, बाकी काही नाही. मुलं शाळेच्या बसची वाट बघत रोज तिथेच उभी राहतात हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. उंचीवर दगड लावणाऱ्यांनी कृपया हे गांभीर्याने घ्या.

गवंडीकाम
@तिसरामजला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. लोकांना वजनाचा अंदाजच नसतो. वीस मिलिमीटर जाडीचा दगड म्हणजे चौरस मीटरला साधारण 54 किलो, चौरस फुटाला पाच किलो. दोन बाय दोनची एक फरशी वीस किलोची झाली. ती भिंतीवर नुसत्या सिमेंटच्या घोळावर सोडायची म्हणजे खालच्या माणसाच्या जिवाशी खेळ.

दगडी क्लॅडिंगसाठी आपल्याकडे आयएस 4101 हे मानक 1967 पासून आहे. माणसाच्या उंचीच्या वर गेलात की स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प आणि पिना हव्यातच, आणि समुद्राजवळ 316 ग्रेडच्याच. साध्या लोखंडाची पिन खाऱ्या हवेत गंजते, फुगते आणि दगड आतून फोडते. खालच्या भागात चिकटवायचं तर पिशवीवर आयएस 15477 लिहिलेलं टाइल अ‍ॅडेसिव्ह घ्या, त्यातही दगडासाठी आणि बाहेरच्या वापरासाठी कोणता टाइप ते वाचून. भिंतीवर आणि दगडावर दोन्हीकडे खाचांच्या थापीने ओढायचं. अजून एक गोष्ट फार कमी जण पाहतात : पॉलिश केलेल्या मोठ्या स्लॅबच्या पाठीला बऱ्याचदा रेझिनने जाळी चिकटवलेली असते. अ‍ॅडेसिव्ह त्या जाळीला धरतं, जाळी दगडाला सोडते. अशी जाळी असेल तर ती घासून काढून मगच लावा.

पडवीकरांच्या जोत्याबद्दल मात्र मी वेगळंच सुचवेन. दोन फुटांच्या जोत्याला पातळ पट्ट्या चिकटवण्यापेक्षा काळ्या दगडाचा घडीव थरच लावून घ्या. वजन जमिनीवर जातं, सुटायचा प्रश्न नाही. आता जोतं बांधून झालं असेल तर निदान पट्ट्यांच्या तळाशी पाणी निघायला फटी सोडा आणि जोत्यावर लॅकर अजिबात नको. जमिनीतली ओल तिथूनच बाहेर पडते. तिथे अडवलीत तर ती वर चढून माजघरातल्या भिंतीत येईल.

छिन्नी
थोडं वेगळं, पण याच कामाचं. माझे काका दगडकामात होते. आमच्या वडार वस्तीत खोकत खोकत गेलेले कितीतरी पुरुष मी लहानपणी पाहिलेत. तेव्हा कोणी त्याला सिलिकोसिस म्हणत नव्हतं, सगळे टीबीच म्हणायचे. वालुकाश्म आणि ग्रॅनाइट कोरडा कापला की बारीक सिलिकाची धूळ उडते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. राजस्थानात खाणकामगारांसाठी यावर 2019 मध्ये सरकारला वेगळं धोरण आणावं लागलं. चुनखडीत आणि आपल्या काळ्या दगडात मुक्त सिलिका कमी असते, पण धूळ ती धूळच.

तुमच्या घरी कटर चालेल तेव्हा दोन गोष्टी करा. पाण्याची नळी लावून ओलंच कापायला सांगा आणि एन95 मास्क स्वतः आणून द्या. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. कारागीर "सवय आहे" म्हणेल. त्याचं ऐकू नका, तुमचं घर आहे, तुम्ही सांगितलं तर तो करेल.

पडवीकर
@छिन्नी, मनापासून आभार. हे कोणी सांगितलंच नसतं. मास्कची पेटी घेऊन ठेवली आणि कापायची जागा विहिरीच्या पंपाजवळ ठरवली.

टिकाव
आता गंभीरपणे. खळं पूर्ण सिमेंटच्या बेडवर करू नका. आमच्या वाडीत ज्यांनी ज्यांनी खळी गच्च बांधली, त्यांचं पावसाचं पाणी धो धो रस्त्यावर जातं आणि विहिरी एप्रिलमध्येच तळ दाखवतात. मुरूम चोपून, वर वाळूचा थर, त्यावर जाड शहाबादी, मध्ये बोटभर फटी. गवत उगवतं, उगवू दे.

लीड्सकर
@टिकाव, पण वाळूवरची फरशी डुगडुगते ना?

गवंडीकाम
नुसतं माणसांनी चालायचं असेल तर टिकाव यांचं बरोबर आहे. दगड चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाड घ्या, कडा रुंद अशा काँक्रीटच्या पट्टीने बांधा म्हणजे वाळू सरकणार नाही, आणि फटींत बारीक खडी भरा. गाडी आत येणार असेल तेवढ्या पट्ट्यात मात्र सोलिंग (खाली दगड रचून केलेला थर) आणि काँक्रीट लागेलच. आणि खळ्याला वरचा पोत खडबडीत ठेवा. श्रावणात शेवाळ धरलं की गुळगुळीत फरशीवर पाय हमखास सरकतो. त्यावर लॅकर असेल तर विचारूच नका, घरात म्हातारी माणसं आहेत.

पडवीकर
सगळ्यांचे आभार. इतकं वाचून आम्ही ठरवलं ते असं : आत कोटा, पडवीला आणि खळ्यात शहाबादी, खळं वाळूवर आणि गाडीपुरतं काँक्रीट. माजघरातली भिंत या वर्षी तशीच. जोत्याला घडीव दगड मिळतो का ते पाहतोय. वाळूचं पाणी खरंच खारट निघालं, दोन ब्रास परत पाठवली. कंत्राटदार जरा घुश्शात आहे पण ऐकतोय.

एकच उरलं. कोट्याला पॉलिश साइटवरच करणार. त्यानंतर सीलर लावायचं का? त्याच्याकडे आधीच घेतलेले दोन डबे आहेत.

गवंडीकाम
साइटवर करताय ते उत्तम. फरशी बसल्यावर पंधरा दिवस तरी मशीन लावू देऊ नका, नाहीतर कच्च्या बेडवर सांधे हलतात. जाड बट्टीपासून (मशीनला लावायच्या घासायच्या दगडापासून) बारीक बट्टीपर्यंत सगळे हात व्हायला हवेत, मधला हात गाळून पुढे गेले की ओरखडे राहतात, ते संध्याकाळी दारातून तिरका उजेड आला की दिसतात. शेवटी ऑक्झॅलिकचा हात. ते अ‍ॅसिडच आहे, पण पॉलिशच्या कामात ते बेताने आणि लगेच पुसून वापरतात.

चांगला पॉलिश झालेला कोटा स्वतःच फार कमी पाणी पितो. खात्री करायची तर फरशीवर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसा. खाली काळपट ठसा उरला नाही तर सीलरची गरज नाही. ठसा उरला तर आत भिनणारं घ्या, आणि ते घेताना "चुनखडीसाठी" असं डब्यावर लिहिलंय ना ते वाचा. जांभ्याला चालणारं सिलेन-सिलॉक्सेन चुनखडीला तितकं धरत नाही. पहिल्यांदा कपाटाखाली येणाऱ्या फरशीवर लावून आठवडाभर ठेवा.

त्या दोन डब्यांवर अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन किंवा "वेट लुक" असं काही असेल तर ते फरशीला, जांभ्याला, जोत्याला कशालाच लावू नका. बिलावर तारीख ताजी असेल तर दुकानदार बदलून देईल, बिल कंत्राटदाराकडून आजच मागून घ्या.